छोटीस, फॉर्म भरण्याआधी

नागपूर,
तान्हा पोळा

चि. छोटी,


काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. चेवनिंगच्या फॉर्मसाठी लिहिलेला परिच्छेद तू मला वाचून दाखवलास. त्यात यवतमाळ जिल्हा होता, शेतकरी आत्महत्या होत्या, बाबांची कोरडवाहू जमीन होती, पडलेले कापसाचे भाव होते. तू मात्र त्यात कुठेच नव्हतीस. फोनवर हे बोलले असते तर तुला लागलं असतं, आणि बाजूला आई बसली होती. म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल, दोन बैठकांत वाच.

आधी ही शिष्यवृत्ती कशाची आहे ते नीट समजून घे. 1983 पासून ब्रिटिश सरकारचं परराष्ट्र खातं ती देतं. एका वर्षाची पदव्युत्तर पदवी, फी, जाण्यायेण्याचं भाडं आणि महिन्याचा खर्च त्यात येतो. अटी थोड्या आहेत. पदवी हवी, 2,800 तासांचा कामाचा अनुभव हवा, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. 2,800 तास ऐकून घाबरू नकोस. आठवड्याचे 35 तास आणि वर्षाचे 40 आठवडे धरले तर दोन वर्षांत तेवढे होतात, आणि बिनपगारी कामाचे तासही त्यात धरतात. तुझी पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, दोन वर्षं त्यात पुरून उरतील.

या यादीत एक गोष्ट नाही. घरच्या उत्पन्नाची अट कुठेच नाही. सरकारी शिष्यवृत्तीत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, कारण तिथे गरज सिद्ध करायची असते. इथे कोणी तुझी गरिबी मोजणार नाही. तू ती चार ओळींत सांग, खरी आहे म्हणून सांग, लपवू तर मुळीच नकोस. पण ती सांगून झाल्यावर फॉर्मचे चारही प्रश्न तुझी वाट पाहत उभेच राहतात: तू कोणाला पुढे नेलंस, कोणाशी नाती जोडलीस, हेच का शिकायचंय आणि तिथेच का, परत येऊन काय करणार.

आपल्या भागातून अर्ज करणारी मुलं दोन टोकांना जातात, हे मी गेली काही वर्षं बघते आहे. काही जण गावाचं नाव मुकुटबन असं लिहायलाच लाजतात, ‘नागपूरजवळ’ लिहून मोकळे होतात. काही जण मुकुटबनचं दुःख तराजूत घालून विकायला बसतात. दोन्हींत गाव हरवतं आणि माणूसही हरवतो. तू जिथे काम केलंस ती जागा तुला जितकी माहीत आहे तितकी मुलाखतीच्या टेबलापलीकडच्या कोणालाही माहीत नसेल. ती माहिती म्हणजेच तुझं पांडित्य आहे, छोटी. झरी तालुक्यातल्या एखाद्या पोडावर वनहक्काचा दावा कुठल्या कागदापाशी अडतो, हे ज्ञान लंडनच्या ग्रंथालयात मिळत नाही.

आता ‘मी’विषयी. हे जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः इथेच पडले होते.

आपल्या घरात पोरींना ‘मी’ म्हणायला कोणी शिकवलं नाही. आई म्हणायची, “मी-मी करणारी पोट्टी सासरी टिकत नाही.” आपण ‘आम्ही’ म्हणत वाढलो. ‘आम्ही ग्रामसभा घेतली’, ‘आम्ही दावा भरला.’ गावात हे शोभतं आणि बऱ्याचदा तेच खरं असतं. पण निवड करणाऱ्याला त्या ‘आम्ही’मधून तुला वेगळं काढून बघायचं असतं. मग कोणीतरी शिकवतं, प्रत्येक वाक्य ‘मी’नं सुरू कर. आणि आपण दुसऱ्या खड्ड्यात पडतो.

माझ्या पहिल्या मुलाखतीची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, “मी महिलांचा बचतगट उभा केला.” खरं तर गट माझ्या आधीपासून चालू होता. मी त्याचे हिशेब ठेवत होते. मंडळातल्या एका बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, “पहिल्या बैठकीला किती जणी आल्या होत्या? ज्या आल्या नाहीत त्यांनी काय कारण दिलं?” पहिल्या बैठकीला मी नव्हतेच. मी एक आकडा सांगितला. पाच मिनिटांनी दुसऱ्या प्रश्नाच्या ओघात दुसराच आकडा तोंडातून गेला. बाईंनी काही म्हटलं नाही, फक्त पेन बंद करून कागदावर ठेवलं. पुढचे प्रश्न मला आठवत नाहीत.

बाहेर आल्यावर मला कळलं की सांगण्यासारखी गोष्ट माझ्याकडे होती. हिशेब लिहिताना मला दिसलं होतं की दोन बायकांच्या कर्जावर व्याज चुकीचं लागतंय, वर्षभर त्या जास्तीचे पैसे भरताहेत. मी ते सगळ्यांसमोर काढलं. अध्यक्षबाई रागावल्या, दोन बैठका माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि शेवटी पैसे परत झाले. हे छोटं वाटलं म्हणून मी लिहिलंच नाही. मोठं वाटलं ते लिहिलं, आणि ते माझं नव्हतं. पुढच्या वर्षी मी तीच व्याजाची गोष्ट लिहिली.

म्हणून तुला एक काम देते. वहीचं पान मधोमध दुमड. डाव्या बाजूला काय घडलं ते लिही, उजव्या बाजूला ते कोणी केलं ते. ज्या ओळीसमोर तुझं नाव येईल तेवढीच तुझी. बाकीच्यांची नावं लपवायची नाहीत, त्यांनी काय केलं तेही सांगायचं.

तू मागे सांगितलेली ग्रामसभेची हकीकत घे. वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे अशा ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि त्यांत किमान एकतृतीयांश बायका. तुमच्या दोन सभा गणपूर्तीअभावी गेल्या. सगळे म्हणाले, कोलाम बायका येतच नाहीत, त्यांना रस नाही. तू त्यांच्याबरोबर कापूस वेचायला गेलीस. तिथे तुला कळलं की वेचणीची मजुरी किलोवर मिळते, सभेला जो दिवस जातो तो बुडतो. मग तू वनहक्क समितीला राजी केलंस की सभा दिवसा न घेता जेवणं झाल्यावर घ्यावी. बायकांना घरोघरून घेऊन आली ती पोडावरची आजी, तू नाही. तेच लिही. ‘वेळ बदलायचं मी सुचवलं आणि पटवलं, बायका आजीनं आणल्या.’ पुढाकार म्हणतात तो याच वाक्यात आहे. आजीचं श्रेय आजीला दिल्यानं तुझं कमी होत नाही. उलट वाचणाऱ्याला दिसतं की या मुलीला माणसं वाचता येतात.

आणि तू सांगतेस त्या ‘रस नाही’वाल्या समजुतीचा तुला त्या वेळी राग आला होता. तो राग मजकुरात राहू दे. घासून गुळगुळीत करू नकोस.

नाती जोडण्याच्या प्रश्नाला अनेक जण मोठ्या माणसांची नावं देतात, कोणत्या अधिकाऱ्याबरोबर फोटो आहे ते सांगतात. तुझ्याकडे त्याहून चांगलं आहे. तू कामापुरती कोलामी शिकलीस. तलाठी, वनरक्षक आणि पोडाचा नाईक यांना एका झाडाखाली बसवलंस. पहिल्यांदा वनरक्षक का आला नाही आणि दुसऱ्यांदा का आला, ते लिही. आणि ‘पोड’ हा शब्द इंग्रजीत मोडू नकोस. एकदा अर्थ सांग, कोलामांची वस्ती, आणि पुढे पोडच म्हण.

आता तिसरा प्रश्न, हेच आणि तिथेच का. याची तयारी तू आईबरोबर कर. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. संध्याकाळी चुलीजवळ बस आणि आईला मराठीत सांग की मला वर्षभर इंग्लंडला जाऊन शिकायचंय. ती तीन प्रश्न विचारेल, मला आत्ताच ऐकू येताहेत. “हे इथं शिकता येत नाही का?” “शिकून कराचं काय?” “वापस येशील ना?” फॉर्ममधले उरलेले प्रश्न हेच आहेत. आईचं समाधान होईल असं उत्तर सापडलं, तर ते इंग्रजीत नेणं अवघड नाही. आईचं नाही झालं तर त्या टेबलावरही होणार नाही, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी.

1913 साली बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांपुढे उभे राहिले तेव्हाही महाराजांचे प्रश्न याच जातीचे होते, असं त्यांच्या चरित्रात येतं. कोणता विषय शिकणार, आणि शिकून करणार काय? बाबासाहेबांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त हे विषय सांगितले, आणि त्यातून आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग सापडतील असं म्हटलं. विषय नेमका होता आणि कशासाठी हेही नेमकं होतं. तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार झाला. त्या जुलैत ते न्यू यॉर्कला पोचले. मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना 1917 मध्ये परतावं लागलं आणि 1920 मध्ये पैसे जमवून पुन्हा जावं लागलं. करारातली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मी या हकीकतीतून घेतलं. तूही घे. परतायची अट तुला आज सोपी वाटते, कारण तुला परतायचंच आहे. तरी ती शब्दशः वाच.

अभ्यासक्रम तीन निवडता येतात. तिन्ही ‘नावाजलेलं विद्यापीठ’ म्हणून निवडू नकोस. प्रत्येकाची विषयांची यादी उघड, कोण शिकवतं बघ. तू पोडावर बायकांना जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावतेस ना? नाला कुठे, सरपण कुठून येतं, मोहाची झाडं कोणाची? ही पद्धत जगभर नेणाऱ्यांत रॉबर्ट चेंबर्स यांचं नाव मोठं आहे, आणि ते ज्या इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये होते ती संस्था ससेक्स विद्यापीठाच्या आवारात आहे. तुझी रांगोळी आणि ती संस्था यांच्यामध्ये सरळ रस्ता आहे. आईच्या ‘इथं शिकता येत नाही का’ला तिथून उत्तर सुरू होऊ शकतं: मी ही पद्धत वापरते, ती कुठे फसते तेही पाहिलंय, दुसऱ्या देशांतल्या लोकांनी त्या फसण्याचं काय केलं ते मला शिकायचंय. यातलं पटेल ते घे. न पटलेलं माझं वाक्य तुझ्या तोंडी नको.

परत येऊन काय करणार, याला ‘आदिवासींच्या विकासासाठी काम करीन’ असं लिहिलंस तर मी तो कागद फाडून टाकीन. पहिल्या वर्षी कुठे, कोणाबरोबर, कुठल्या कामात, ते लिही. दहा वर्षांनी काय व्हावंसं वाटतं ते एका वाक्यात पुरे.

मुलाखतीचं बोलावणं आलं तर ते साधारण फेब्रुवारीनंतर येतं, म्हणजे आपल्याकडे मोहफुलं पडायच्या दिवसांत. तोवर उत्तरं पाठ करू नकोस. पाठ केलेलं उत्तर मधेच तुटलं की पुढचं आठवत नाही आणि माणूस पांढरा पडतो. त्यापेक्षा गोष्टी पाठ असू देत, वाक्यं नकोत. सहा-सात प्रसंग नीट आठवून ठेव, तारखांसह, आकड्यांसह. काय चुकलं तेही. अपयशाचा प्रश्न हमखास येतो, आणि ‘मी फार मेहनत करते हाच माझा दोष’ असलं उत्तर देणाऱ्या मुलामुलींकडे बघून मला वाईट वाटतं, कारण कोणीतरी त्यांना ते शिकवलेलं असतं. पहिल्या दोन सभा का फसल्या आणि त्यात तुझं काय चुकलं, ते सांग.

इंग्रजीची तुला भीती आहे. वणीच्या कॉलेजात आपण इंग्रजी वाचलं, बोललो कधीच नाही. रोज अर्धा तास मोठ्यानं बोल, एकटी असलीस तरी. सावकाश बोल. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, त्यात काही कमीपणा नाही. वऱ्हाडी वळण आवाजात राहिलं तर राहू दे. मंडळाला तुझं म्हणणं समजलं पाहिजे, एवढीच त्या भाषेकडून आपली अपेक्षा आहे.

एक प्रश्न तुला अडचणीत टाकेल असं वाटतं, म्हणून आधीच सांगते. कोणीतरी विचारेल, तुमच्या गावात सिमेंटचा कारखाना आला, तुम्ही त्याच्या बाजूच्या की विरोधातल्या? घोषणा देऊ नकोस, कुठल्याच बाजूची. चुनखडी आपल्या जमिनीखाली आहे, कोळसा वणीच्या पट्ट्यात आहे, माजरीहून आदिलाबादला जाणारा लोहमार्ग गावातून जातो. कारखाना इथे का आला हे या तीन गोष्टींतून कळतं. मग सांग, तुझ्या ओळखीत कोणाला काम लागलं, कोणी जमीन दिली, त्या पैशांचं पुढे काय झालं, पोडावरच्या लोकांचा त्यात हिस्सा किती. जे पाहिलं नाहीस त्याला ‘हे मी पाहिलेलं नाही’ म्हण. हे वाक्य बोलायला धीर लागतो, पण त्यानंतर तू जे सांगशील त्यावर विश्वास बसतो.

शिफारसपत्रांचं आत्ताच बघ. दोन लागतात. मोठ्या पदावरच्या माणसाकडे जाऊ नकोस, तुझं काम डोळ्यांनी पाहिलेल्याकडे जा. ‘सदर विद्यार्थिनी मेहनती व सुस्वभावी आहे’ या वाक्यानं काही होत नाही. त्यांना तुझ्या कामाचं एक पान लिहून दे, तारखा आणि प्रसंग, म्हणजे त्यांना आठवेल. लिहू दे मात्र त्यांनाच.

कागदपत्रांत एकच सांगते. दहावीची सनद, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर तुझ्या नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते आजच्या आज बघ. बाबांच्या नावात फरक आहे असं मला अंधुक आठवतं. आणि अमरावती विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, एका खेपेत काम होईल असं धरू नकोस. मुदत लंडनच्या घड्याळानं असते, शेवटच्या संध्याकाळी मुकुटबनच्या नेटवर भरवसा ठेवायचा नाही.

ही वाट आपल्याकडून कोणी चाललंच नाही, असं समजू नकोस. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले राजू केंद्रे यवतमाळात राहून काम करत होते, ‘एकलव्य’ ही संस्था त्यांनी तिथेच उभी केली, आणि 2021 मध्ये चेवनिंग मिळवून ते लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकायला गेले. घरातले पहिलेच शिकणारे. आज एकलव्यची मंडळी खेड्यांतल्या मुलांना अशाच अर्जांसाठी तयार करतात. त्यांच्याशी बोल. माझ्या एकटीच्या अनुभवावर विसंबू नकोस, मी एकाच दारातून गेले आहे.

नाही मिळाली तर? पहिल्या वर्षी बहुतेकांना मिळत नाही, मलाही नव्हती. तुला मिळाली नाही तर आठ दिवस रड, मग मला फोन कर. पण हा विचार आज फॉर्म भरताना डोक्यात नको.

अजून एक, तुझ्यासाठी नाही. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 20 जागा, त्यातल्या 3 विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी राखीव. महाराष्ट्रात असे गट तीनच, कातकरी, माडिया गोंड आणि आपले कोलाम. तुझ्या पोडावरची ती मुलगी, जी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला हे कोणी सांगितलंय का? तिच्या जातवैधतेचं काय झालंय ते विचार. ते प्रमाणपत्र नसेल तर आत्ताच अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे अर्ज करायला तिला घेऊन जा, तुझा फॉर्म दोन दिवस थांबला तरी चालेल.

पहिल्या दोन उत्तरांचा कच्चा मजकूर येत्या रविवारपर्यंत मला पाठव, मराठीत लिहिलास तरी चालेल. आजीला विचारून घे, तिची गोष्ट लिहिलेली तिला चालेल का. आणि ग्रामसभेच्या वहीतलं ते पान, ज्यावर बायकांचे अंगठे आहेत, त्याचा फोटो काढून ठेव. वरची तारीख त्यात दिसली पाहिजे.

तुझी,
ताई